वळणं वाचणारी

बाबा: पण मला आधी बघितलं कुणी, ते सांग. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं. वेळेवर आणायचं तर आधी कुणीतरी वेळेवर बघावं लागतं ना.

मुलगी: दादानं बघितलं.

बाबा: रविवारी सकाळी चिरंजीव त्यांच्या खोलीत असतात. दार लावलेलं, कानावर हेडफोन. मी स्वयंपाकघरात आडवा झालोय हे त्याला जेवायच्या वेळी कळलं असतं. तेही ताट वाढलेलं दिसलं नाही म्हणून.

मुलगी: नका ना असलं बोलू. टाके ओले आहेत अजून.

बाबा: टाक्यांना ऐकू येत नाही. हे बघ, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात मी. माणूस दोन मजल्यांच्या मधे अडकला की त्याचं काय होतं, मला विचार. तू सकाळपासून मला तसं अडकवून ठेवलंयस. काहीतरी सांगायचंय आणि तू उशीचे अभ्रे सारखे करतेयस.

मुलगी: सांगणारच आहे. भेटायची वेळ सुरू व्हायच्या आत सांगायचंय.

बाबा: का? कोण येणार आहे?

मुलगी: वहिनी.

बाबा: कोण वहिनी?

मुलगी: मला एकच आहे.

बाबा: तिला कुणी बोलावलं?

मुलगी: कुणी नाही. तुम्हाला इथं आणल्यापासून ती रोज येते. खाली औषधांच्या दुकानासमोर बाक आहे, तिथं बसते, मला फोन करून विचारते आणि जाते. तुम्हाला आवडणार नाही म्हणून वर येत नव्हती. आज मी म्हटलं, ये.

बाबा: मला विचारायचं होतंस.

मुलगी: तेच करतेय. आधी ऐकून घ्या. मग नाही म्हणावंसं वाटलं तर तसं सांगा, मी खाली जाऊन तिला परत पाठवीन. तुमच्यावर जबरदस्ती नाही.

बाबा: ऐकायचं काय त्यात? पोरखेळावरून संसार मोडून गेली ती. टीव्हीतल्या गाड्यांवरून! मी माझ्या कानांनी ऐकलंय, चिरंजिवांनीच सांगितलं.

मुलगी: सांगितलं त्यानं. खोटं नव्हतं ते, अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला आधीपासून माहीत होतं, पण वहिनीनं तोंड बंद करून ठेवलं होतं माझं. परवा ती म्हणाली, आता सांग, आता काय फरक पडतो. तर पहिल्यापासून सांगते. ते दोघं भेटले कुठे, माहीत आहे तुम्हाला?

बाबा: कॉलेजात.

मुलगी: कॉलेज बुडवून. थिएटरच्या तळघरात एक गेम पार्लर होतं. तिथं रॅलीचं मशीन होतं, दोन सीटचं. नाणं टाकायचं, स्टेअरिंग धरायचं आणि पाय दाबून ठेवायचा. ब्रेक होता, पण नावाला. झाडावर आपटा, कड्यावरून पडा, गाडी चेंडूसारखी उसळून परत रस्त्यावर. माणसं टुणकन बाजूला व्हायची. दादा तिथं एकटाच खेळत होता, शेजारच्या सीटवर एक मुलगी येऊन बसली. ओळख ना देख. त्याला हरवून गेली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, ती पुन्हा आली, पुन्हा हरवून गेली. तो वळणावर नीट वळायला बघायचा आणि ती सरळ कोणाच्यातरी गोठ्यातून आरपार. तो चिडायचा, हे फसवणं आहे. ती म्हणायची, गोठ्याला दार आहे ना, मग.

बाबा: ब्रेक नाही आणि आपटलं तरी काही होत नाही. लग्नाला एवढं भांडवल पुरलं म्हण.

मुलगी: सुरुवातीला पुरलं की. लग्नानंतर त्यांनी घरात गेम आणला तेव्हा तुम्हीसुद्धा खेळला होतात. स्क्रीन मधोमध कापलेला, वर एक गाडी, खाली एक. तुम्ही तुमची तळ्यात घातलीत आणि तिथंच फिरवत बसलात.

बाबा: पाण्यात गाडी चांगली वळत होती.

मुलगी: वहिनी हसून हसून खाली बसली होती. ते दिवस वेगळे होते. मग दादाच्या डोक्यात खरेपणा शिरला. त्याचं काम असं, बाबा, की रोज सकाळी उठून ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि विमा कंपनीला सांगायचं, ही किती मोडली, ती कशी मोडली. म्हणाला, दिवसभर खऱ्या मोडलेल्या गाड्या बघून आल्यावर ती चेंडूवाली गाडी चालवून हसू येत नाही. त्यानं दुसरा गेम आणला. सिम्युलेशन म्हणतात त्याला. स्टेअरिंग आलं, तीन पेडलं आली, उभा हँडब्रेक आला, मग लोखंडी सांगाड्यावर गाडीचं खरं सीट आलं.

बाबा: ते सीट मीच बोल्ट मारून बसवलं. त्यानं वॉशर उलटे घातले होते.

मुलगी: त्या गेममध्ये गाडी खऱ्यासारखी वागते. खडीवर एक, चिखलात दुसरी, बर्फावर तिसरीच. एका दगडाला चाक लागलं की स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागतं आणि उरलेला सगळा रस्ता तसंच ओढत न्यायचं. रेडिएटर फुटला की खेळ तिथंच खलास. गोठ्यातून जायची सोय नाही.

बाबा: म्हणजे खेळ कमी आणि काम जास्त.

मुलगी: वहिनी अगदी हेच म्हणाली. गंमत होती तोवर दोघं होते, खरं झालं तसा तो एकटा आत आणि ती बाहेर. मागची खोली त्याची झाली. दारावर टकटक करून जेवायला बोलवायचं. ती दवाखान्यात दिवसभर लोकांचे कान तपासते. बीप ऐकू आला की बटण दाबा, असं सत्तर वर्षांच्या माणसांना शिकवते. आणि घरी आली की दारातून विचारायची, ऐकतोयस का, आणि तो म्हणायचा, हो हो. ऐकलेलं नसायचं काहीच. आणि चुकून ऐकलंच तर प्रत्येक गोष्टीला, का? आज लवकर ये. का? खिडकी लाव. का? मला सांगत होती एकदा, जगाचे कान दुरुस्त करते गं मी, आणि घरातल्या दोन कानांपुढे हात टेकले.

बाबा: हे सगळ्यांच्या घरात असतं. तुझी आई माझ्याशी भिंतीकडे बघून बोलायची. म्हणायची, भिंत निदान मान डोलवत नाही. म्हणून कुणी घर सोडत नाही.

मुलगी: नाही सोडत. तिनंही नाही सोडलं. उलट म्हणाली, हा बाहेर येत नाही ना, मग मी आत जाते. या खऱ्या गेममध्ये एक गोष्ट असते, ती तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रॅलीत गोल मैदानात फिरायचं नसतं. जंगलातला, डोंगरातला रस्ता असतो, एकदाच जायचं, आणि पुढचं वळण दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून शेजारी एक माणूस बसतो, नॅव्हिगेटर. तो कागदावरून पुढची वळणं वाचतो. डावं तीन, चढ, चढामागे उजवं पाच. आकडा एक म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवायची, सहा म्हणजे नुसतं हलकंसं. चालवणाऱ्यानं समोर बघायचंच नसतं, खरं तर. ऐकायचं आणि वळवायचं. चढामागे काय आहे ते दिसत नसतं, तरी ब्रेक न मारता जायचं, कारण शेजारचा म्हणाला की पलीकडे सरळ आहे.

बाबा: आणि शेजारचा चुकला तर?

मुलगी: तर दोघं झाडावर. एकट्यानं खेळताना गेमच वाचून दाखवतो, मशीनच्या आवाजात. पण दादानं एका स्पर्धेत नाव घातलं, हौशी लोकांची, इंटरनेटवरची. तिचा नियम असा की नॅव्हिगेटर जिवंत माणूसच हवा. वहिनी म्हणाली, मी वाचते. खूश होता तो. आठ-दहा दिवस घरात बरं होतं.

बाबा: मग बिनसलं कशावरून?

मुलगी: तिच्या गळ्याला गाठ होती.

बाबा: काय?

मुलगी: थायरॉइडची. साधी निघाली, घाबरू नका, आता काही नाही. पण तेव्हा कळलेलं नव्हतं. काढायलाच हवी, म्हणाले. आणि तिथूनच आवाजाच्या नसा जातात, त्यामुळे डॉक्टरांनी आधी बजावलं होतं, आवाज बदलू शकतो, क्वचित जाऊही शकतो. तिचं काम सगळं बोलण्यावर. मग एका संध्याकाळी आत गेली, तो खेळत होता, तिनं त्याला सांगितलं. गाठ, ऑपरेशन, गुरुवारी सकाळी, आणि मला भीती वाटतेय. तो म्हणाला, हो, गुरुवार, चालेल.

बाबा: ऐकलं नव्हतं त्यानं.

मुलगी: एक शब्द नाही. त्याला आजही आठवत नाही ती आत आली होती ते. बुधवारी ती माहेरी गेली, हॉस्पिटल तिकडून जवळ म्हणून. त्याला वाटलं, आईला भेटायला गेली. तुम्हालाही तसंच सांगितलं त्यानं. गुरुवारी सकाळी तो परगावी गेला, कुठल्यातरी पुलावर पाच-सहा गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या, त्या तपासायला. ती इकडे हॉस्पिटलचे कपडे घालून दाराकडे बघत बसली. तिच्या आईनं फोन लावायला घेतला, तर नको म्हणाली. म्हणाली, सांगितलंय मी त्याला, तो येईल. आत नेईपर्यंत म्हणत होती.

बाबा: आणि मला कुणी सांगितलं नाही.

मुलगी: दुपारी तिच्या आईनं त्याला कळवलं. तो गाडी तिथंच टाकून मिळेल त्या बसनं आला. तिनं भेटायला नकार दिला. बोलायला मनाईच होती, नुसती मान हलवली, नाही. ती परत घरी आलीच नाही. आणि दादाला लाज वाटली तुम्हाला खरं सांगायची. म्हणाला, गेमवरून वाजलं.

बाबा: तिनं मला फोन केला होता. दोन-तीन महिन्यांनी असेल. आवाज घोगरा येत होता. मला वाटलं, रडतेय. मी म्हटलं, रडून उपयोग नाही, गेलीस तर गेलीस. आणि ठेवला.

मुलगी: माहीत आहे मला.

बाबा: तिनं सांगितलं?

मुलगी: तक्रार म्हणून नाही. म्हणाली, बाबांना वाटलं मी रडतेय, आणि मला समजावून सांगता येईना, कारण त्या दिवशी आवाज मधेच जात होता.

बाबा: पाणी दे जरा.

मुलगी: सावकाश. डावा हात वर नाही करायचा, सिस्टर ओरडतील. पुढचं सांगू की थांबू?

बाबा: सांग. आता थांबून काय करशील.

मुलगी: दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं, वकील झाले, कागद झाले. आणि मग स्पर्धा सुरू व्हायच्या सुमाराला तिचा दादाला मेसेज. मी नाव दिलंय, शब्द दिलाय, सीझन पुरा करीन. वळणांच्या नोट्सशिवाय एक शब्द बोलायचा नाही, तू नाही, मी नाही. दादानं मला दाखवला तो मेसेज. मला वाटलं, काहीतरी चाल आहे. मी विचारलं तिला. म्हणाली, चाल कसली, डॉक्टरांनी रोज मोठ्यानं वाचायला सांगितलंय, घशाला सवय व्हायला. वर्तमानपत्र वाचून कंटाळा आला.

बाबा: म्हणजे या सगळ्या रविवारी तो आत जाऊन बसायचा...

मुलगी: वहिनी वाचायची. ती तिच्या आईकडे, तो तुमच्याकडे. शनिवारी रस्ता सावकाश चालवून बघायचा, तो एकेक वळण बोलणार, ती लिहून घेणार. रविवारी ती वाचणार, तो पळवणार. नमस्कार नाही, निरोप नाही. सुरू, डावं चार. संपलं, फोन बंद.

बाबा: मी भिंतीपलीकडे भाजी चिरत असायचो. मला वाटायचं, कुठल्या परक्या माणसाशी खेळतोय.

मुलगी: पहिल्या दोन फेऱ्यांत ते तळाला होते. कारण आपले चिरंजीव. ती म्हणायची उजवं पाच, हा म्हणायचा नक्की? ती म्हणायची चढ, सरळ, हा चढाच्या आधी पाय काढायचा, आपल्या डोळ्यांनी बघून मग पुन्हा दाबायचा. एकदा तर म्हणाला, का, पाच का, मला तीन वाटतंय. ती वाचायची थांबली. भर जंगलात. एक अक्षर नाही. तो चार वळणं अंदाजानं गेला आणि पाचव्याला ओढ्यात. तिनं फोन ठेवला.

बाबा: बरं केलं.

मुलगी: पुढच्या रविवारपासून त्यानं विचारणं बंद केलं. आधी तोंडानं बंद केलं, मग पायानं. ती सरळ म्हणाली की चढावर पाय दाबलेलाच. मला म्हणाला, छोटे, गाडी खाली उतरायची तेव्हा खरंच रस्ता सरळ असायचा. प्रत्येक वेळी. मग ते चढत गेले. शेवटच्या फेरीला दुसऱ्या नंबरवर होते.

बाबा: म्हणजे हा गेलाच रविवार.

मुलगी: हो. शेवटचा रस्ता धुक्याचा. गेममध्ये धुकं सोडतात, बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. तसल्या ठिकाणी सगळे हळू जातात. दादा नाही गेला. म्हणाला, मला दिसण्याशी देणंघेणंच राहिलं नव्हतं. आता एक लक्षात घ्या. वहिनीला त्याचा स्क्रीन तिच्या लॅपटॉपवर दिसायचा, पण चित्र जरा मागून यायचं. त्यावर विसंबलं तर वळण निघून जाणार. म्हणून ती स्क्रीनकडे न बघता, हातात कागद धरून आवाजावर वाचायची. इंजिन कुठे चढलं, खडी कुठे वाजली, त्यावरून कळायचं गाडी कुठं आहे ते. गेमचा आवाज फोनवरून तिला लगेच जायचा आणि त्याच्या टेबलावरचा माइक बाकीचंही सगळं पकडायचा. आणि त्या टेबलाची भिंत आणि आपल्या स्वयंपाकघराची भिंत एकच.

बाबा: मी दूध तापवायला ठेवत होतो. तेवढं आठवतं. पातेलं हातात होतं.

मुलगी: ते पडलेलं तिनं ऐकलं. दादानं नाही ऐकलं, त्याच्या कानात इंजिन. तिनं ऐकलं आणि वाचत राहिली, कारण तुमच्या हातून भांडी पडतातच.

बाबा: पडतात.

मुलगी: पण भांडं पडलं की तुम्ही त्याला काहीतरी बोलता. तुम्हाला माहीत नसेल. अरे गाढवा, नाहीतर, झालं समाधान? तीन वर्षं राहिली ना ती त्या घरात. तर तिनं दोन वळणं वाचली आणि वाट बघितली. तुम्ही काही बोलला नाहीत. नळ वाहत होता. तिसरं वळण तिनं वाचलंच नाही. म्हणाली, थांब.

बाबा: आणि?

मुलगी: आणि तो थांबला. दोन वळणांच्या मधे, धुक्यात, पहिल्या नंबरच्या वेळेच्या पुढे असताना. हँडब्रेक ओढलेला होता त्यानं, का ते कळायच्या आधी. मग ती म्हणाली, बाबांना बघ, स्वयंपाकघरात. हेडफोन खुर्चीवर टाकून तो बाहेर आला, तर तुम्ही फरशीवर. ओठ निळे. नळ चालू, दूध सगळीकडे.

बाबा: गॅस?

मुलगी: पेटवला नव्हतात. तिनं दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली, पत्ता सांगितला, फाटक कुठल्या बाजूनं उघडतं ते सांगितलं, आणि इकडं माइकवर दादाचं सगळं ऐकत होती. शेवटी त्यानं फोन स्पीकरवर टाकून तुमच्याजवळ आणून ठेवला. श्वास आहे का बघ. आहे. कुशीवर वळव. मान मागे. तोंडात काही घालू नकोस. तुमचे ठोके मधेच बंद पडत होते आणि आपोआप सुरू होत होते. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं तसंच राहिलं असतं तर सुरू झाले नसते.

बाबा: कंट्रोलर गेला होता. मोटर चांगली होती, सिग्नलच मिळत नव्हता. आता इथं खांद्याखाली नवीन बसवलाय.

मुलगी: तोच, पेसमेकर. तुमच्या आधी वहिनी इथं पोचली होती. तिच्या आईचं घर जवळ ना.

बाबा: आणि ती स्पर्धा?

मुलगी: बाद झाले. गाडी धुक्यात उभीच राहिली. तिसऱ्या नंबरच्या जोडीला दुसरा नंबर मिळाला. आयोजकांनी मेल केला, मधेच सोडण्याचं कारण कळवावं. वहिनीनं उत्तर दिलं, घरी काम निघालं.

बाबा: एवढंच?

मुलगी: एवढंच.

बाबा: म्हणजे आता मिटलं म्हणायचं. त्याला ऐकायची सवय झाली, तिला...

मुलगी: नाही, बाबा. मलाही तसंच वाटलं होतं. तुम्ही आत ऑपरेशनला होतात आणि ते दोघं त्या लांब बाकावर मधे एक जागा सोडून बसले होते. दादा म्हणालाही तसं. म्हणाला, बघ, मी ऐकतो आता. वहिनी काय म्हणाली सांगू? म्हणाली, तू माझं नाही ऐकत, तू तुझं ऐकतोस. ती वळणं शनिवारी तूच बघितलेली असतात, आकडे तूच दिलेले असतात. मी फक्त तुला ते परत वाचून दाखवते. सबंध सीझनमध्ये माझा स्वतःचा असा एकच शब्द होता.

बाबा: तो तर ऐकला त्यानं.

मुलगी: मीही तेच म्हटलं. ती म्हणाली, हो, ऐकला, ते मी विसरणार नाही. पण एका शब्दावर घर चालत नाही. कागद आहेत तसेच राहतील. दादानं वाद घातला नाही. मग उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

बाबा: मग त्याचं आता काय? स्टेअरिंग काढून ठेवणार?

मुलगी: ते ऐका. पुढच्या सीझनला नाव द्यायची मुदत परवा होती. तिनंच दिलं. पण उलट. ती चालवणार, दादा वाचणार. शनिवारी ती रस्ता बघणार, ती बोलणार, आणि हा लिहून घेणार. तिच्या आईच्या घरी स्टेअरिंग लावायला जागा करतेय. दादाला अक्षर सुधारायला सांगितलंय.

बाबा: आणि हे कागदांच्या बरोबरीनं चालणार?

मुलगी: एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणाली.

बाबा: मला नाही कळत तुमचं हे.

मुलगी: मलाही सगळं कळतं असं नाही. आता सांगा, खाली जाऊन काय सांगू तिला? बाबा? झोप आली का?

बाबा: नाही. ती पलंगाची कळ फिरव. डोकं वर घे. असा आडवा पडला की माणूस आजारी दिसतो. आणि तो चष्मा दे.

मुलगी: पुसून देते.

बाबा: आणि तू जाऊ नकोस खाली. फोन कर. म्हणावं, दुसऱ्या मजल्यावर डावीकडे. डावीकडची लिफ्ट घेऊ नकोस म्हणावं, दारं लागताना खडखडते, मी स्ट्रेचरवरून ऐकलंय. जिन्यानं ये.

(दार लोटून सून आत येते. हातात पर्स, ती ठेवायला जागा शोधते.)

सून: बाबा.

बाबा: ये. ठेव ती इथंच, पायाशी. मी काही पाय हलवत नाही.

सून: दुखतंय का?

बाबा: टाक्यांत ओढ लागते जरा. तू जिन्यानं आलीस ना?

सून: हो. फोनवर सांगितलंत तसं.

मुलगी: मी जरा बाहेर जाऊन येते. माझ्या बेकरीत ऑर्डरचे दोन केक राहिलेत, तिथं फोन करते.

बाबा: जा, जा. आणि दार ओढून घे. हे बघ, मला सगळं आत्ताच कळलंय. गेल्या तासाभरात. घसा कसा आहे तुझा?

सून: बरा आहे. गार हवेत बसतो थोडा. वरचे सूर लागत नाहीत, पण गाणं कुठे म्हणायचंय मला.

बाबा: त्या फोनला मी असं बोलायला नको होतं.

सून: तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा.

बाबा: विचारता आलं असतं. दोन शब्द लागतात विचारायला. मी त्याहून जास्त बोललो.

सून: जाऊ दे आता ते.

बाबा: जाऊ नको देऊस. लगेच तर नकोच.

सून: बरं. नाही जाऊ देत.

बाबा: आणि त्या घरी तू येणार नाहीस, तेही कळलं मला. माझं काही म्हणणं नाही. बाहेर कुठंतरी भेटत जाऊ. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला रोज.

सून: दवाखान्यामागे बाग आहे आमच्या. सपाट आहे.

बाबा: मग झालं. खुर्ची ओढ ना, अशी उभी काय?

सून: मला निघायचंय, बाबा. पाचला एक पेशंट आहे, लहान मुलगी आहे, पहिल्यांदाच मशीन लावायचंय तिच्या कानाला.

बाबा: मग निघच तू. पण पाच वाजायला अजून अवकाश आहे.